प्रभूच्या झग्याचे गोंडे

आमच्या चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हल्ली रोज सकाळी कुणीतरी सात फाट्यांच्या यहुदी दिव्याचं चित्र पाठवतं. मागच्या नाताळात एका तरुण भावाने ऑनलाइन मागवलेलं शिंग भर उपासनेत फुंकलं. पुढच्या बाकावरची तान्ही मुलं दचकून रडायला लागली आणि माझ्या कानातलं यंत्र शिटी वाजवत राहिलं. म्हणे, ही आपली मुळं. मुळं आहेत, नाही कोण म्हणतं? पण यांच्यातल्या एकानेही यहुदी माणसाच्या घरचं पाणी प्यालेलं नाही. मी प्यालेय, जेवलेय आणि त्या घरच्या बाईच्या हातची मोजपट्टी बोटांवर खाल्लीय. फौजी नवऱ्यामागून या जबलपुरात आल्याला उभा जन्म झाला, इथे मराठीत भांडायलाही कुणी उरलेलं नाही. मुलगा म्हणतो, आई, ग्रुप म्यूट कर. त्यापेक्षा लिहून काढते.

आठवीनंतर माझी शाळा सुटली. उंब्रजच्या अलीकडे आमचं गाव, वडील साखर कारखान्यात वॉचमन, आई दम्याने बेजार. घरात कुणी बसून ठरवलं वगैरे नाही. एक वर्ष आईच्या आजारपणात गेलं, दुसऱ्या वर्षी परत वर्गात बसायची लाज वाटली, आणि तिसऱ्या वर्षी खंडाळ्याकडचं एका बिजवराचं स्थळ आलं. मी सोळा वर्षांची होते, त्याला दोन मुलं होती. तेव्हा माझ्या आत्याने सांगलीहून निरोप धाडला की पोरीला माझ्याकडं धाडा, शिवण शिकू दे, स्थळं काय पळून जात न्हाईत. वडिलांनी एक वर्षाची मुदत दिली. शिकली तर ठीक, नाहीतर खंडाळा. म्हणून मी सांगलीत पाय ठेवला तो छातीत धडधड घेऊनच, आणि ती धडधड अजून पुरती गेलेली नाही. दारावरची बेल वाजली तरी मला वाटतं, न्यायला आले.

आत्याचं घर हळदीच्या गोदामांच्या मागे होतं. दिवसभर पोती आपटल्याचा आवाज, आणि सगळ्यावर पिवळी धूळ: खिडकीच्या गजांवर, वाळत घातलेल्या चादरींवर, भाताच्या झाकणावर. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, एका खासगी दवाखान्यात कंपाउंडर होते आणि आमच्या मंडळीचे पंच. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, त्यांना तोंडपाठ. ते चहा मागतानाही असे बोलत की पुढे काही अध्याय-बिध्याय सांगतील की काय असं वाटायचं. आत्याला मूलबाळ नव्हतं. तीन राहिली होती, तिन्ही गेली. त्यावर ती बोलत नसे. बाकी सगळ्यावर बोलत असे.

शिवण शिकायला मला हन्नाबाईंकडे घातलं. हन्नाबाई अलिबागकडच्या, रेल्वेतल्या नवऱ्याबरोबर मिरजेला आलेल्या आणि तो गेल्यावर सांगलीत दोन खोल्या घेऊन राहिलेल्या. पुढच्या खोलीत दोन मशीनं, मागच्या खोलीत संसार. नावावरून मामांनी धरून चाललं की बाई आपल्यातल्याच. त्यांच्याकडे शनिवारी मशीन बंद असे आणि रविवारी सुरू, तेव्हा मामांनी खुलासा केला, "शनिवार पाळणारी एक मंडळी असते, त्यातल्या असतील. थोडं मतांतर आहे, पण भगिनी आहेत." झालं. एवढ्यावर त्या माणसाने, मी यायच्या आधीपासून धरून, दोन वर्षं त्यांना भगिनी म्हणून कपडे शिवायला टाकले. एक साधा प्रश्न कुणी विचारील तर शपथ.

मी विचारला, पण तोही वाकडाच. पहिल्याच दिवशी त्यांच्या चौकटीला तिरकी ठोकलेली पितळी नळी मला दिसली. मला वाटलं बेल आहे. मी ती चांगली दोनतीनदा दाबली. आतून आवाज आला, "ती वाजत नाही गो. ती वाचायची असते." मला काहीच कळलं नाही. मग मी धीर करून विचारलं, "बाई, तुम्ही कुठल्या मिशनच्या?"

"आमचं मिशन फार जुनं," त्या म्हणाल्या. "तुमच्याही आधीचं. सुई ओव आता."

नाव विचारल्यावर मी सुवार्ता सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "सुवार्ता म्हणजे चांगली बातमी ना? आणि तोंड बघावं तर तार आल्यासारखं."

बाईंकडे शिकणं म्हणजे छळ होता. काज एक सूत हललं तर उसव. कॉलरचं टोक बसकं आलं तर उसव. मी उसवण्यात इतकी तरबेज झाले की शिवायला कधी शिकणार याची मला काळजी लागली. मुदतीचे महिने मी बोटांवर मोजायची आणि बाई त्याच बोटांवर मोजपट्टी मारायच्या. पण दुपारी ताट वाढताना पहिलं माझं. मटणाचा रस्सा नारळाच्या दुधात केलेला, आंबटगोड वासाचा, आमच्या सातारी तिखटाच्या अगदी उलट. एकदा त्याबरोबर मी घरून आणलेलं ताक काढलं, तर त्यांनी माझ्या हातातून तांब्या काढून घेतला आणि खिडकीत नेऊन ठेवला. "मटणाबरोबर दूध-ताक या घरात नाही." का, ते नाही सांगितलं. मीही विचारलं नाही, कारण मला वाटलं मला घालवून देतील.

पावसाळा सरताना एक दिवस त्यांचं दार दिवसभर बंद. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "दारफळणीचा सण होता. उपास. आम्ही बेने इस्राएल. यहुदी."

आता हसू येतं, पण मी तेव्हा त्यांच्या हनुवटीकडे बघितलं. यहुदी मी गावाकडे दर वर्षी बघत आले होते. गुड फ्रायडेच्या नाटकात काळा झगा, कापसाची दाढी आणि गोंडे लावून तो यायचा, आणि आम्ही पोरं त्याला शेंगांची टरफलं मारायचो. तो मारे डोळे फिरवायचा. आणि इथे पांढऱ्या पातळातली ही बाई, दात नसल्यामुळे पेरू किसून खाणारी.

"तुम्ही कुणाला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"लपवलंय कुठं? दारावर ती नळी लावलीय, आत आमच्या शास्त्रातल्या ओळी आहेत. विचारलं कुणी?"

मी घरी काही बोलले नाही. सहा महिने. हे माझं चुकलं, आणि त्याला कारण फक्त भीती. मामा म्हणतील, तिथे जाऊ नको; आणि मग खंडाळा.

सांगलीच्या मंडळीचं गुड फ्रायडेचं नाटक मामाच बसवायचे. त्या वर्षी जुने झगे उंदरांनी खाल्ले, म्हणून मामा कापड घेऊन बाईंकडे आले. तीन परुशांचे, म्हणजे प्रभूच्या विरोधातल्या कर्मठ यहुद्यांचे, काळे झगे आणि प्रभूचा एक पांढरा. "परुशांना गोंडे मोठे लावा, भगिनी. गुडघ्यापर्यंत. बघताक्षणी पोराबाळांना कळलं पाहिजे दुष्ट कोण. आणि प्रभूचा झगा साधा. अगदी साधा. आणि तुम्हीही यायचं, पहिल्या रांगेत." असं म्हणून त्यांनी मंडळीच्या शिक्क्याचं निमंत्रण मशीनवर ठेवलं. मी खाली मान घालून तुरपाई करत होते.

मामा गेल्यावर बाई बराच वेळ पांढऱ्या कापडावरून हात फिरवत बसल्या. मग म्हणाल्या, "तीस वर्षांचा यहुदी बाप्या. सभास्थानात उठून शास्त्र वाचणारा. आणि झग्याला गोंडे नाहीत? उघडाच फिरवायचाय त्याला?"

"बाई, मामांनी साधा सांगितलाय."

"साधाच करतेय. गोंडे म्हणजे काय नक्षी असते? चार टोकांना चार. देवाच्या आज्ञा आठवायला. माझ्या बापाच्या शालीला होते, नवऱ्याच्या होते. आज्ञा तुमच्याही पुस्तकात आहे, पहिल्या अर्ध्या भागात. तुम्ही नंतरचा अर्धाच उघडता." त्यांनी पांढऱ्या लोकरीचे धागे ओढले, एक निळा घातला, गाठी मारायला लागल्या. "हे खरे नाहीत हां. खरे मी नाटकाला देणार नाही. पण दिसायला तसे."

वल्हांडणाचा, म्हणजे त्यांच्या बिनखमिराच्या सणाचा, आठवडा होता. त्यांच्या घरात पाव नाही, बिस्किट नाही, नुसती तांदळाची भाकरी. मी भाकरी खात होते आणि माझ्यासमोर प्रभूला गोंडे लागत होते. बाई ऐकणार नाहीत हे मला माहीत होतं. मामा ऐकणार नाहीत हेही माहीत होतं. दोघांच्या मधे मी.

बुधवारी मामा कपडे न्यायला आले. झगा उलगडला आणि त्यांचा चेहरा हळदीसारखा झाला. "हे काय? प्रभूला परुशाचे गोंडे?"

"परुशाचे कसे? यहुद्याचे," बाई म्हणाल्या.

"प्रभू यहुदी नव्हता, बाई."

"मग कुठला होता? आपल्या इथल्या कुंडलचा?"

मी सुई बोटात टोचून घेतली. मामांनी झगा उलटा करून बघितला. मग म्हणाले, "म्हणजे जन्माने होता. पण तो आपला आहे."

"असू दे की तुमचा. मी कुठं मागतेय परत? पण त्याची आई मिर्याम, आठव्या दिवशी त्याचा सुंतेचा विधी झाला, वल्हांडणाला तो यरुशलेमला जायचा. हे मी नाही, तुमचं शास्त्र सांगतं. आणि ती बारा वर्षांच्या आजाराची, शिवून बरी झालेली बाई गर्दीतून येऊन त्याच्या झग्याच्या कशाला शिवली, सांगा बघू. तुम्हाला पाठ आहे ना?"

मामांनी तोंड उघडलं. पाठ होतंच. ओठ हलले, आणि त्या शब्दापाशी येऊन थांबले. गोंड्याला. हजारदा वाचलेला शब्द. मला वाटलं, सुटले आता. पण मामा म्हणाले, "ते गोंडे निराळे."

"निराळे म्हणजे?"

"निराळे. तुम्हाला ते कळायचं नाही. तुमच्या शनिवारच्या मंडळीत..."

"माझी मंडळी नाही. मी यहुदी आहे."

"कधीपासून?" मामांनी विचारलं. खरंच विचारलं.

"जन्मापासून."

मामांनी झगे गुंडाळले, नमस्कारही केला, कारण माणूस मूळचा वाईट नव्हता, आणि बाहेर पडले. मी त्यांच्या मागून. घरी आल्यावर मला एवढंच म्हणाले, "तुला माहीत होतं." मी मान हलवली. "ते गोंडे काढ. आणि सोमवारपासून तिकडं जायचं नाही. सणानंतर तुला उंब्रजच्या गाडीत बसवतो. तुझ्या वडिलांची मुदत तशीही संपत आली."

आत्या चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. मामा अंघोळीला गेल्यावर तिने झगा मांडीवर घेतला आणि एक गोंडा मुठीत धरला. नाटकात त्या आजारी बाईचं काम दर वर्षी आत्याच करायची. डोक्यावरून पदर, गुडघ्यांवर रांगत यायचं, झग्याच्या काठाला बोट लावायचं. "इतकी वर्सं नुसत्या कापडाला शिवले," ती म्हणाली. "हे बरं हाय की गं. धरायला तरी काय हाय." मग तिने झगा माझ्याकडे सरकवला आणि भाकऱ्या थापायला गेली. या घरात बोलायचं तिथे कुणी बोलत नसे.

मी कात्री घेतली. डोळ्यांपुढे तो खंडाळ्याचा माणूस. चारही गोंडे मी कापून टाकले. कच्च, कच्च, चार आवाजांत काम झालं. रुमालात बांधून पोलक्यात ठेवले. इतक्या वर्षांत मी हजारो गणवेश शिवले, पोरांच्या फिया त्यावर भरल्या, आणि हे सगळं ज्या बाईमुळे, तिच्या हातची गाठ मी अशी कापली. मागे वळून बघताना मला माझाच जास्त वैताग येतो.

शुक्रवारी दुपारची उपासना संपल्यावर आवारातल्या कडुनिंबाखाली नाटक सुरू झालं. हन्नाबाई आल्या होत्या. पांढरं पातळ, हातात ते निमंत्रण. पहिल्या रांगेत बसल्या. भांडण झाल्यावर कशाला यायचं? पण नाही. बोलावलंय म्हणजे यायचं. अधूनमधून त्या उन्हाकडे बघत होत्या, कारण सूर्य बुडायच्या आत घरी जाऊन त्यांना शब्बाथचा, म्हणजे विसाव्याच्या दिवसाचा, दिवा लावायचा होता. मामा बाजूला पोथीसारखी वही धरून सूत्रधार म्हणून वाचत होते, आणि पहिल्या रांगेकडे बघत नव्हते.

प्रभूचं काम दावीद करायचा. एरवी पंखे दुरुस्त करणारा, उंच, सारखा हसणारा. तो गर्दीतून चालत आला. मागून आत्या गुडघ्यांवर रांगत आली. हात पुढे केला. आणि थांबली. झग्याचा काठ तिने इकडून चाचपला, तिकडून चाचपला. मग पदर मागे सारून सरळ बसली.

"गोंडा कुठाय?" आत्या म्हणाली.

लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे. मामा वहीआडून कुजबुजले, "शीव. शीव."

"कशाला शिवू? आवं, शास्त्रात गोंडा हाय. तुमीच वाचता दरसाली."

"नुसतं शीव."

"न्हाई. इतकी वर्सं नुसतंच शिवले, काय मिळालं?"

मामांच्या हातातली वही खाली आली. आत्या त्यांच्याकडे बघत होती, ते तिच्याकडे. ती नाटकाबद्दल बोलत नव्हती, हे त्यांना कळलं, मलाही कळलं. दावीद बिचारा आशीर्वादाचा हात वर धरून उभा.

मी उठले. का उठले, सांगता येणार नाही. माझ्यासारखी भित्री मुलगी एवढ्या लोकांत उठत नसते. ओढणीला सुई-दोरा नेहमी टोचलेला असायचा. पोलक्यातून रुमाल काढला आणि दावीदच्या पायाशी बसून गोंडे लावायला लागले. एक, मग दुसरा. दावीद ओठ न हलवता म्हणाला, "सुवे, बेंदराच्या सणाचा बैल करतीस का माझा?" मी म्हटलं, "हलू नको, टोचंल." चारही लावले. टाके कसले, नुसते फासे. मी बाजूला झाले. आत्याने पदर पुढे ओढला, परत गुडघ्यांवर मागे गेली, आणि पुढे येऊन तो गोंडा मुठीत घट्ट धरला. सोडायची वेळ झाली तरी तिने सोडला नाही. दावीदला पुढे जाता येईना.

मग परुशी आले. काळे झगे, गुडघ्यापर्यंत गोंडे. पोरांनी टरफलं उचलली आणि हात तसेच राहिले. यांनाही गोंडे, प्रभूलाही गोंडे. कुणाला मारायचं ते त्यांना कळेना. एकाने आपल्या आईला मोठ्याने विचारलं, "ह्ये सगळे एकाच घरचे हायत का?" आईने त्याला चापट दिली, पण उत्तर दिलं नाही.

पिलात सुभेदारापुढच्या खटल्याचा प्रसंग आला. तिथे मामांच्या वहीत, तालमी ऐकून मला पाठ होतं, 'तेव्हा ते दुष्ट यहुदी ओरडले' असं होतं. मामांनी 'तेव्हा ते दुष्ट' एवढं वाचलं. पहिल्यांदा पहिल्या रांगेकडे बघितलं. "तेव्हा ते... लोक ओरडले," मामा म्हणाले, आणि पुढे वाचत गेले. त्यापेक्षा जास्त काही झालं नाही. कुणी रडलं नाही, कुणी कुणाला मिठी मारली नाही.

ऊन उतरलं तशी बाई उठल्या. मी फाटकापर्यंत धावले. "बाई, मी ते कापले होते."

"दिसलं. कापलेलं टोक लपत नाही. उसवायचं असतं गो. वर्षभर काय शिकवलं तुला? टाका ओढून काढला असतास तर गाठ शाबूत राहिली असती."

"मामा गावाला धाडणार आहेत मला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चष्मा पुसला. "तुला ठेवा म्हणून मी त्यांना सांगणार नाही. ते त्यांचं घर. माझं दार सोमवारी उघडं असेल. रविवारी येऊ नको, तुमचा मोठा सण आहे." आणि मावळतीकडे बघत भराभर चालायला लागल्या.

शनिवारी मी ट्रंक भरली. मामा ओसरीत शास्त्र घेऊन बसले होते. पहिला अर्धा भाग उघडलेला होता. रविवारी सणाचं जेवण झालं, सांजोऱ्या झाल्या, पाहुणे गेले, तरी माझ्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मी विचारायला घाबरत होते. आत्या फक्त ट्रंकेकडे बघून म्हणाली, "ही वाटंतनं उचल, पाय लागतुया." ठेव की ने, ते नाही सांगितलं. असं घर.

सोमवारी सकाळी मी चपला घालू की नको अशी दारात उभी. मामा शास्त्रातून मान वर न काढता म्हणाले, "जाताना त्या बाईंना विचार. बाकीच्या शिष्यांनाही लागतात का ते."

"काय?"

"गोंडे. बारा शिष्य आहेत. पुढच्या वर्षी नीट करायचं तर आत्तापासून करायला हवं."

मी हिशेब केला. बारा जण, प्रत्येकी चार. अठ्ठेचाळीस गोंडे, आणि गाठी कोण मारणार, हे सांगायची गरज नव्हती. वर्षभराचं काम होतं. मी कपाळाला हात लावला आणि चपला घातल्या. पायरी उतरले तर मामांनी परत हाक मारली. आवाज जरा खालचा होता.

"आणि असं विचार, यहूदा इस्कर्योतालाही लावायचे का? त्याने प्रभूला धरून दिलं. त्याला नको असतील तर अकराच."

बाई मशीनवर होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी पाय थांबवला नाही, वर बघितलं नाही.

"बारा म्हणजे बारा," त्या म्हणाल्या. "लोकरीचा गुंडा आण."